जोत्याचे आवरण : मालवण किनाऱ्यावरील गृहरक्षणाचा एक अभ्यास

घराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः छपराकडे, कोरीव खांबांकडे किंवा चौकाच्या रचनेकडे वळते. जमीन आणि भिंत यांच्यामधला जो हात-दीड हात उंचीचा भाग, म्हणजे जोते, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः मालवण किनाऱ्यावर घराचे आयुष्य ठरते ते याच भागावर. जोत्याचा उघडा राहिलेला अंग कशाने झाकावा, तो कोणी झाकावा आणि किती काळासाठी झाकावा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत या प्रदेशाच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा सापडतो.

प्रथम द्रव्याचा विचार केला पाहिजे. या किनाऱ्यावर बांधकामाचा मुख्य दगड जांभा हा होय. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्यास विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ ही संज्ञा दिली. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हत्याराने त्याचे चिरे सहज पाडता येतात, आणि हवा लागल्यावर तो कठीण होत जातो. म्हणजे उघडे राहणे हा या दगडाचा शत्रू नव्हे. मात्र तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो. आणि चिऱ्याच्या जोत्यावर मातीची भिंत उभी असेल तर हा ओलावा चढत जाऊन भिंतीच्या बुडाशी पोहोचतो. मातीच्या भिंतीला आणि मातीच्याच जोत्याला तर उघडेपणा मुळीच सोसत नाही.

दुसरा विचार पावसाचा. येथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर त्याची झड आडवी येते. शिवाय पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून तांबड्या मातीचे शिंतोडे जोत्यावर उडवते. असा वरून व खालून दुहेरी मारा चार महिने चालतो.

या माऱ्यापासून संरक्षणाचे तीन उपाय परंपरेने योजलेले दिसतात. पहिला पडवीचा. पडवी ही बसण्या-उठण्याची जागा खरी. परंतु मुख्य भिंतीचे बूड पागोळ्यांपासून दूर ठेवणे हेही तिचे कार्य होते. दुसरा उपाय गिलाव्याचा. ज्यांना परवडे ते शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा लेप देत. इतरांची जोती माती व शेण यांनी सारवली जात. तिसरा उपाय झापांचा. पावसाळा तोंडावर आला की नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप झडीच्या बाजूस बांधीत आणि पाऊस ओसरल्यावर सोडीत. चार महिन्यांत झाप कुजून जाई, भिंत मात्र वाचे. झिजण्याचे काम आवरणाने करावे आणि घराने टिकावे, हे या साऱ्या पद्धतीचे सूत्र होय.

याच किनाऱ्यावर या सूत्राच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण उभे आहे. मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे बांधकाम आरंभिले. त्याच्या पायाचे दगड शिसे ओतून बसविले, असे परंपरा सांगते. समुद्राच्या लाटांत दरवर्षी आवरण बदलणे शक्य नव्हते. तेथे पाया स्वतःच अभेद्य करणे भाग होते. राज्यसत्तेच्या साधनसंपत्तीला हे साधले. उलट त्याच किल्ल्यात महाराजांच्या हाताचे व पायाचे म्हणून दाखविले जाणारे चुन्यातील ठसे घुमटीखाली झाकून जपलेले आहेत. दगड सोसू शकतो ते चुना सोसू शकत नाही, हा विवेक तेथेही दिसतो. सामान्य कुटुंबापाशी शिसे नव्हते. त्याच्यापाशी होते ते मनुष्यबळ.

हे मनुष्यबळ कोणाचे, हा कळीचा प्रश्न आहे. झाप विणणे, जोते सारवणे, पावसानंतर खळे चोपून पुन्हा तयार करणे ही कामे दरवर्षी नव्याने करावी लागत. त्यांतील सारवणाचा भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांवर होता. मुंबईत १८५० नंतरच्या दशकांत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातील पुरुष चाकरीसाठी तिकडे जाऊ लागले. घरी मनिऑर्डर येऊ लागली, पण मे-जूनमध्ये आवश्यक असलेले हात कमी झाले. दरवर्षीचे श्रम देणे कठीण आणि एकदाच पैसा खर्चणे त्यामानाने सोपे, अशी स्थिती निर्माण झाल्यावर कायमच्या आवरणाची ओढ वाढणे स्वाभाविक होते. केवळ नव्या वस्तूचा मोह असे त्याचे वर्णन करणे अन्यायाचे होईल.

हे कायमचे आवरण सिमेंटच्या रूपाने आले. भारतात पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले, तरी सरकारी नियंत्रणामुळे ते दीर्घकाळ सर्वसामान्यांना सुलभ नव्हते. १९८२ साली नियंत्रण अंशतः आणि १९८९ साली पूर्णतः उठल्यावर खेड्यांतील बांधकामाचे रूप झपाट्याने पालटले. परंतु सिमेंटचा घट्ट गिलावा चुन्याप्रमाणे ओलावा बाहेर जाऊ देत नाही. जमिनीतून जांभ्यात चढलेले पाणी त्याच्याआड अडकते. त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात व गिलावा फुगून सुटतो. पाणी बाहेरच अडावे म्हणून केलेली योजना पाणी आत कोंडून ठेवते.

हा अनुभव केवळ कोकणाचा नाही. थंड देशांत १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्याचे प्रयत्न वाढले, आणि घराच्या पायाभोवती बाहेरून फेसाळ प्लास्टिकचे तक्ते लावण्याची रीतही रुजली. ऊब राखण्याचे काम हे तक्ते उत्तम करतात. पण जमिनीवर उघडी राहिलेली त्यांची पट्टी सूर्यप्रकाशाने ठिसूळ होते व आघाताने फुटते. म्हणून तिच्यावर गिलावा किंवा पत्रा चढवावा लागतो. म्हणजे आवरणालाच आवरण लागते. मालवणकडे झापांच्या जागी आलेल्या प्लास्टिकच्या कापडालाही ऊन सोसत नाही. फरक इतकाच, की कुजलेला झाप माडाच्या आळ्यात खत होई. फाटलेल्या प्लास्टिकचे तसे होत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येईल. ओसाड वाडीत आज केवळ चिऱ्याची जोती उरलेली दिसतात. मातीची जोती मातीत मिळून गेली आहेत. उरलेल्या अवशेषांवरूनच वस्तीचा अंदाज बांधल्यास संपन्न घरांची गणना होते आणि गरिबांची घरे निसटतात. तसेच चिरा राहतो, पण त्याला वर्षानुवर्षे जपणाऱ्या सारवणाचा व झापाचा मागमूस राहत नाही. जे दरवर्षी नष्ट होऊन दरवर्षी नव्याने घडत असे, ते अवशेषांच्या आधारे सिद्ध करता येत नाही. त्यासाठी ते काम केलेल्या वृद्ध स्त्रियांच्या साक्षी नोंदविणे हाच मार्ग आहे, आणि त्या साक्षी फार काळ उपलब्ध राहणार नाहीत.