सूर्याचा उद्रेक आणि कुलाब्याची नोंद

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डाग रेखाटीत असतां तेथें अकस्मात् शुभ्र तेज लखलखलें. डागांतील पिळवटलेल्या चुंबकीय क्षेत्रांतून सुटलेला विद्युद्भारित द्रव्याचा लोट अठरा तासांच्या आंत पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें विस्कळित झालीं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकसूचीही ढळली, आणि निरीक्षकांनीं तिचें मान इमानानें टिपून ठेविलें. क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घटलें होतें. या नोंदीवरूनच २००३ सालीं संशोधकांनीं त्या वादळाची तीव्रता आंकली. सूर्याचे उद्रेक न्याहाळण्यासाठीं २ सप्टेंबर २०२३ रोजीं 'आदित्य-एल१' हें यान निघालें. परंतु वीज व उपग्रह यांवर विसंबलेल्या युगानें केवढ्या आघातास सिद्ध असावें, याचें माप मात्र त्या अनाम निरीक्षकांनींच देऊन ठेविलें आहे.