तोरणाखालून आधी कोण?

पोळ्याला बैल मारुतीपुढं जमले की आमच्याकडं आधी मानाचा विषय निघतो, पावसाचा नंतर. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची? देवगाव रंगारीच्या आसपास, कन्नड-वैजापूर-गंगापूरकडच्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा. पोळ्यावरून झालेली एखादी तरी भांडाभांडी तो रंगवून सांगेल.

निजामाच्या राज्यात हा प्रश्न विचारायचाच नव्हता. गावात माली पाटील आणि पोलीस पाटील, दोघंही वतनदार. त्यांची जोडी आधी, मग भाऊबंदांच्या जोड्या, मग ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणं बाकीचं गाव. ज्यांनी वर्षभर कासरे, वेसणी, मोरक्या वळून दिल्या आणि पोळ्याला हलगी वाजवली, त्या मातंगाच्या दारी बैल असलाच तर तो सगळ्यांच्या मागं. कित्येक गावांत तर तोरणाखालून नाहीच. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा आपला ग्रंथ 1916 साली छापला. त्यातही पोळ्याचं तोरण, मानाचा बैल आणि क्रमावरून होणारे तंटे आहेत. वर्णन नागपूरकडचं, पण आमच्या गावाला जसंच्या तसं लागू पडतं.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. पुढं महाराष्ट्र झाला आणि 1962 च्या कायद्यानं मुलकी पाटलांची वतनं गेली. वतन गेलं तरी पोळ्याचा मान काही गेला नाही. मी या गावात सून म्हणून आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हाही श्रावणी अमावास्येच्या आठ दिवस आधीपासून पारावर हीच कुजबुज असायची. सरपंच एका वाड्यातला, मान दुसऱ्या वाड्याचा. तोरण उशिरा तुटलं की समजायचं, बोलणी लांबलीत.

माझी लेक औरंगाबादेत अभियांत्रिकी शिकली, वाळूजच्या एमआयडीसीत नोकरीला लागली आणि मोटारींच्याच धंद्यात पुढं डेट्रॉइटला गेली. तिच्याकडं गेले असताना नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंग, म्हणजे तिकडचा आभाराचा सण, पाहिला. पहाटे ती ‘टर्की ट्रॉट’ पळायला गेली. वुडवर्ड अव्हेन्यूवर दहा किलोमीटरची ही शर्यत 1983 पासून होते. अमेरिकेत या दिवशी पळायची रीत मात्र 1896 पासूनची, बफेलो शहरातली. धावणाऱ्यांमागून त्याच रस्त्यावर मिरवणूक आली. बँड, चित्ररथ आणि कागदाच्या लगद्याची माणसाहून मोठी मुंडकी घालून नाचणारी माणसं. ही मुंडकी करायची कला इटलीतल्या व्हियारेज्जो गावाची. दुपारी सगळं शहर फुटबॉलला लागलं. हा फुटबॉल हातात घेऊन पळायचा असतो. संध्याकाळी जेवणं. थंडीनं माझी बोटं आखडली होती, पण डोक्यात एकच चाललं होतं: इथं तोरणाखालून आधी कोण जातं?

उत्तर शोधायला फार खोल जावं लागलं नाही. मिरवणूक 1924 साली सुरू केली ती हडसन नावाच्या दुकानानं. वुडवर्डवरच त्याची टोलेजंग इमारत होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कला मेसी या दुकानाची मिरवणूक निघाली आणि फिलाडेल्फियात गिंबल हे दुकान त्याआधीच, 1920 पासून काढत होतं. मिरवणुकीच्या शेवटी सांताक्लॉज येतो, तो नाताळची खरेदी उघडायला. फुटबॉलचंही तसंच. जॉर्ज रिचर्ड्स नावाच्या रेडिओ केंद्राच्या मालकानं ओहायोतल्या एका गावचा संघ विकत घेऊन 1934 साली डेट्रॉइटला आणला, त्याचं नाव लायन्स ठेवलं. पण शहर बेसबॉलवेडं, या संघाकडं कुणी फिरकेना. म्हणून त्यानं थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या बेअर्सशी सामना ठेवला आणि देशभर रेडिओवरून ऐकवला. 26,000 तिकिटं खपली. लायन्स 16-19 असे हरले, पण सामना रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची काही वर्षं सोडली तर तो आजवर चालू आहे.

तिथीसुद्धा दुकानदारांनी हलवून पाहिली. अब्राहम लिंकननं 1863 साली, देशात यादवी चालू असताना, नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार ठरवून दिला. 1939 साली तो गुरुवार 30 तारखेला आला. नाताळच्या विक्रीला दिवस कमी पडतात म्हणून व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणं केलं आणि अध्यक्ष रूझवेल्टनं सण आठवडाभर अलीकडं ओढला. काही राज्यांनी नवा गुरुवार पाळला, काहींनी जुना. शेवटी 1941 च्या कायद्यानं चौथा गुरुवार कायम झाला. आपल्याकडं दोन पंचांगं असली की गावात जी तऱ्हा होते, ती साऱ्या अमेरिकेची तीन वर्षं होऊन बसली होती.

तोरणाबाहेर राहिलेले तिथंही आहेत. 1621 साली प्लिमथला गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सुगीच्या जेवणाला जे वाम्पानोआग लोक होते, त्यांच्याच जमिनी पुढं गेल्या. 1970 पासून मूळनिवासी लोक याच दिवशी प्लिमथला जमून सुतक पाळतात.

हडसनचं दुकान 1983 साली बंद पडलं आणि 1998 मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली. मिरवणूक मात्र निघतेच. आता एक संस्था वर्गणी आणि देणग्या गोळा करून ती काढते. पाटीलकी गेली तरी तोरण राहिलं, तसंच हे. सणाचा रस्त्यावरचा भाग ज्याच्या हातात सत्ता किंवा पैसा तो चालवतो, आणि तो गेला की लोक चालवतात. आपल्याकडं शहरी पोळ्याचं उदाहरण नागपूरचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काळीचं नातं इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसलेंशी लावतात. सोबत बडगे असतात: कागद, बांबू, चिंध्यांचे मोठाले पुतळे, आणि त्यांच्या गळ्यात महागाई, भ्रष्टाचार, त्या-त्या वर्षीच्या पुढाऱ्यांची नावं. डेट्रॉइटची मुंडकी पाहून मला ते बडगेच आठवले. फरक इतकाच की नागपूरकर आपली मिरवणूक शेवटी जाळून टाकतात.

बैलांच्या शर्यतीचा इतिहास आणखी वाकडा. आमच्याकडं शंकरपट पोळ्याला होत नाही. सुगी आटोपली, जत्रांचे दिवस आले की मग पट. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची आणि धुरकऱ्यानं ती सरळ रेषेत सोडायची. निकाल सेकंदाच्या हिशेबात. 2011 साली केंद्र सरकारनं खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली. 2017 मध्ये महाराष्ट्रानं शर्यतींसाठी कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. त्या सगळ्या वर्षांत गावातली तरणी पोरं बैलाच्या प्रेमाबद्दल पोटतिडकीनं बोलत होती. माझ्या सासूबाई एवढंच म्हणायच्या, "प्रेम हाय ना, मग पराणी कशाला लागते?" बंदी उठली तेव्हा अटींत टोचणी-चाबकाला मनाई होतीच.

सासूबाईंचा पोळा रस्त्यावर कधी गेलाच नाही. तो आदल्या संध्याकाळी गोठ्यात सुरू व्हायचा. खांदेमळणी. हळद आणि लोणी एकत्र करून बैलाच्या खांद्याला चोळायचं, मग कढत पाण्यात फडकं पिळून शेकायचं. जिथं जू बसतं तिथली कातडी केस झडून गुळगुळीत झालेली असते आणि तिच्यावर जाड घट्टा असतो. तिथं बोटं थांबवून सासूबाई दोन्ही बाजू चाचपून बघत. एकीकडचा घट्टा जास्त कडक लागला की सासऱ्यांना ऐकवत, "यंदा जू एका अंगाला बसलंय, सुताराला दाखवा." त्याच वेळी बैलाच्या कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सकाळी बैल धुऊन यायचे. शिंगं तासून हिंगूळ, वर बेगड, टोकाला पितळी शेंब्या. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. ते काम गड्यांचं. मारुतीपुढं मंगलाष्टकं म्हणून बैलांचं लग्न लागायचं, तो मान पुरुषांचा. जोडी परत दारात आली की मात्र पुढचं सगळं घरातल्या बाईकडं. खुरांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि पुरणपोळी भरवायची. पोळी चौघडी करून तळहातावर सपाट धरायची, अंगठा आत वळवायचा नाही. बैल जिभेनंच ओढून घेतो आणि ती जीभ हाताला कानसीसारखी लागते. बैलानंतर पहिलं ताट सालगड्याचं, मग घरच्यांचं. या क्रमावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

डेट्रॉइटला मला सगळ्यात मोठा फरक दिसला तो तिथीत. तिथं धान्य घरात आल्यावर आभार मानतात. आमचा पोळा श्रावणातल्या अमावास्येचा. नांगरणी, वखरणी, पेरणी, कोळपणी झालेली असते, बैलाचं काम उरकलेलं असतं. मका-कपाशी अजून शेतात उभी असते. पीक हाती लागेल का, ते कुणालाच ठाऊक नसतं. मग आभार कशाचे? कष्टाचे. माझं माहेर वैजापूरकडचं, तिथं 1972 चा पोळा मी लहानपणी पाहिलाय. पाऊस नव्हता, पिकं करपली होती. बाजारातून हिंगूळ-बेगड आणलं नाही. पण वडिलांनी बैल धुतले, आईनं ज्वारीची भाकरी गुळात कुस्करून भरवली. त्यातला एक बैल नंतर विकावा लागला आणि पुढं रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. पीक बुडालं यात बैलाचा दोष नव्हता, म्हणून त्याचं देणं चुकवलं नाही. हेच मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे माझ्या कंपनीला सांग."

मग ती मला डिअरबॉर्नला घेऊन गेली. डेट्रॉइटला लागूनच असलेलं हेन्री फोर्डचं गाव. इथंच 1917 साली फोर्डसन ट्रॅक्टर बनू लागला. स्वस्त, लहान, एकट्या शेतकऱ्याला परवडेल असा. 750 डॉलरचा ट्रॅक्टर पाच वर्षांत 395 वर आला. त्या सुमाराला अमेरिकेत अडीच कोटींवर घोडे-खेचरं होती. 1960 पर्यंत तीसेक लाख उरली. ज्यांनी त्या देशाची जमीन नांगरली, त्यांच्या खांद्याला कुणी लोणी लावल्याचं माझ्या वाचनात नाही. त्या मिरवणुकीत घोडे दिसले तेही पोलिसांचे.

आता आमच्याकडं तेच चाललंय. गावात ट्रॅक्टर किती ते मोजायला वेळ लागतो, बैलजोड्या पटकन मोजून होतात. पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार पडतो. त्याला माझी हरकत नाही, हप्ते भरणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते. पण मिरवणुकीपुरती जोडी लासूर स्टेशनच्या बाजारातून आणायची, तिच्यावर हजारांची झूल टाकायची, पुढं डीजे लावायचा आणि आठवड्यात ती विकून टाकायची, हे जे सुरू झालंय त्यात आभार कुणाचे? त्या बैलानं तुमच्या रानात एक तासही काढलेला नसतो.

आमच्या तालुक्यात अजून काही जोड्या खरोखर जुवाखाली आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबांच्या. त्या जोड्या चार-सहा महिने उसाच्या गाड्या ओढतात. त्या कुटुंबांत पूर्वी तोरणाबाहेर राहिलेले पुष्कळ आहेत आणि आजही ते गर्दीच्या मागंच उभे राहतात. ग्रामसभेत मी हा विषय मांडला आहे: मान वाड्याचा नको आणि वर्गणी जास्त देणाऱ्याचाही नको. मारुतीपुढं चार जाणत्यांनी प्रत्येक बैलाच्या खांद्यावर हात फिरवावा. ज्याचा घट्टा सगळ्यात जाड, तो पुढं. पाटील घराण्यातल्या एका म्हाताऱ्यांनी मान डोलावली, तरुण मंडळी हसली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढच्या सभेला मी जाणार आहे.