उस्मानाबाद–धाराशिव नामांतर

उस्मानाबाद–धाराशिव नामांतर : मराठवाड्यातील एका शहराच्या व जिल्ह्याच्या नावात झालेला बदल आणि त्यासंबंधीचा वाद. पराभूत सत्तेच्या गौरवार्थ दिलेली नावे नंतरच्या राज्यव्यवस्थेने राखावीत काय, हा ह्या वादातील मूळ प्रश्न होय.

धाराशिव हे स्थलनाम जुने आहे. शहराजवळच्या डोंगरातील प्राचीन लेणी ह्याच नावाने ओळखली जातात व जेम्स बर्जेसच्या एकोणिसाव्या शतकातील पुरातत्त्वीय पाहणीतही त्यांची धाराशिव म्हणूनच नोंद आहे. हैदराबाद संस्थानात ह्या जिल्ह्याचे नाव प्रथम नळदुर्ग असे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे धाराशिव येथे आले आणि गावास व जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. ते हैदराबादचा सातवा व अखेरचा निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) ह्याच्या नावावरून आले.

भारत स्वतंत्र झाल्यावर निजामाने संस्थान स्वतंत्र ठेवण्याचा प्रयत्न केला. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे व लातूर त्या वेळी ह्याच जिल्ह्यात होते (स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला). १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सेनेने बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत करून नळदुर्ग घेतले. त्याच दिवशी नळदुर्गजवळ धारातीर्थी पडलेला शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग हा पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक ठरला. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. अशा रीतीने, ज्याच्या सेनेशी पहिली चकमक ह्या जिल्ह्यात झाली, त्याचेच नाव जिल्ह्यास पुढे सुमारे ७५ वर्षे राहिले.

ह्या विसंगतीस दुसरी बाजूही आहे. शरणागतीनंतर निजामास पदच्युत करून हद्दपार करण्यात आले नाही. १९५० ते १९५६ ह्या काळात तो भारतीय संविधानानुसार हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. शिवाय दोन-तीन पिढ्यांच्या वापराने उस्मानाबाद हे नाव राजाचे न राहता गावाचे झाले होते. नामांतराचे विरोधक ह्याच मुद्यावर भर देत व बदलामागे धार्मिक हेतू असल्याचा आक्षेप घेत. उलट, धाराशिव हे नवे नाव नसून हुकमाने दडपलेल्या जुन्या नावाची ती पुनःस्थापना आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या १९५३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लोकांच्या अंगवळणी पडलेली नावे सबळ कारणाशिवाय बदलू नयेत, असे अपेक्षित होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लष्करी तळांचा वाद ह्याच्याशी तुलनीय आहे. तेथे यादवी युद्धात (१८६१–६५) संघराज्याविरुद्ध लढलेल्या दाक्षिणात्य सेनानींची नावे दोन महायुद्धांच्या काळात तळांना देण्यात आली. काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून १ जानेवारी २०२१ रोजी संमत केलेल्या कायद्यानुसार आयोग नेमण्यात आला व २०२३ मध्ये नऊ तळांची नावे बदलली. २०२५ मध्ये मात्र त्याच आडनावांच्या अन्य सैनिकांच्या गौरवार्थ जुनी नावे परत आणण्यात आली. दोन्ही प्रकरणांत एक महत्त्वाचा भेद आहे : अमेरिकेत विजयी राष्ट्रानेच आपल्या तळांना प्रतिपक्षाची नावे दिली; उस्मानाबाद हे नाव मात्र संस्थानी राजवटीने स्वतःच्या काळात दिलेले असून नंतरच्या राज्यांनी ते केवळ चालू ठेवले.

१९९५ मध्ये अधिकारावर आलेल्या युती शासनाच्या काळात झालेला नामांतराचा प्रयत्न तडीस गेला नाही. जून व जुलै २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन मंत्रिमंडळांनी त्यास मान्यता दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर शहराचे, तर हरकती व सूचना मागविल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. ह्यास आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. तथापि २०२४ ची लोकसभा निवडणूक ‘उस्मानाबाद’ मतदारसंघ ह्याच नावाने झाली.

नामांतराने वर्तमान व्यवहार बदलतो. दप्तर बदलत नाही. विसाव्या शतकातील महसुली नोंदी, जनगणना अहवाल व मुक्तिसंग्रामाची कागदपत्रे उस्मानाबाद ह्याच नावाखाली आहेत. म्हणून गौरवाचे नाव कोणते असावे हा लोकमताचा विषय असला, तरी जिल्ह्याचा इतिहास समजून घेण्यासाठी नळदुर्ग, उस्मानाबाद व धाराशिव ही तिन्ही नावे अभ्यासकाला आवश्यक ठरतात.