आजीची खडी आणि तुमची सॅलरी स्लिप

आजचा एपिसोड ऐकताना एक काम करा. नोकरी करत असाल तर फोनमध्ये मागच्या महिन्याची सॅलरी स्लिप उघडा. नसाल करत, तर घरातल्या कुणाची तरी बघा. कपातीच्या रकान्यात 'प्रोफेशनल टॅक्स' दिसेल. बहुतेकांचे दर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हे पैसे मुळात कशासाठी कापायला लागले, ते मला माझ्या आजीमुळे कळलं.

आजी पारनेर तालुक्यातली. आपल्या नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधला, हा कायम पावसाची वाट बघणारा भाग. माझ्या लहानपणी मे महिना म्हणजे मामाचं गाव, आंबे आणि दिवसभर क्रिकेट. एकदा मी आजीला विचारलं, "तू सुट्टीत काय करायचीस गं?" ती म्हणाली, "खडी फोडायचे."

साल होतं 1972. आजी तेव्हा सोळा वर्षांची. पाऊस गेला, विहिरी आटल्या, शेतात काम उरलं नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडणं. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खायला सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. आजी अजून सांगते, "आम्ही काय भीक नाय मागितली बाबा. फोडली खडी अन् घेतले पैसे."

आता जरा मागे जाऊ. दुष्काळात सरकारने काम काढायचं ही रीत इंग्रजांच्या काळातली. दौंडहून नगरमार्गे मनमाडला जाणारी रेल्वे आहे ना, ती 1878 साली सुरू झाली आणि तिच्या मातीकामावर 1876-78 च्या दुष्काळातले मजूर होते. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने खर्च वाचवायला मजुरी कापली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, बस्स. दख्खनमधले हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पण सरकारला जाब विचारायला मजुराच्या हातात कुठलाच कायदा नव्हता. काम द्यायचं की नाही आणि किती मजुरी द्यायची, सगळं साहेबाच्या मर्जीवर.

ही मर्जी मोडायची कल्पना महाराष्ट्रात ज्यांनी मांडली ते वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. मग 1972 चा दुष्काळ आला, मोर्चे निघाले, आणि तात्पुरत्या कामांनी भागत नाही हे सगळ्यांनाच दिसलं. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

कायदा सांगत होता की ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर ते 15 दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. वर्षाला इतकेच दिवस अशी मर्यादा नव्हती. पुढे 2005 साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, त्यात एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस होते. त्या हिशोबाने आपला जुना कायदा जास्त मोकळ्या हाताचा होता.

आणि पैसा? इथे तुमची सॅलरी स्लिप येते. 1975 साली व्यवसाय कर लागू झाला तो याच कामासाठी. शहरात पगार घेणाऱ्याने थोडं द्यायचं, आणि अशा खास करांमधून जेवढं जमेल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून पारनेरच्या पोरीची मजुरी.

सगळं गोड होतं असं नाही. मजुरी कमी, मुकादमाची मनमानी, पैसे उशिरा. आजीची शाळा दुष्काळात सुटली ती सुटलीच. आणि शिकलेल्या पोराने काम मागितलं तरी कायदा त्याच्या हातात टोपली अन् फावडंच देतो. पण त्याच पैशातून काय उभं राहू शकतं, हे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दाखवलं. 1989 साली सरपंच झालेले पोपटराव पवार स्वतः क्रिकेटपटू. गावाने डोंगरावर चर खणले, पाणी अडवलं, आणि त्यातली बरीच कामं रोजगार हमीतून झाली. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं गावात परत आली.

आता आजचं बघू. 2024 साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास असाल तर महिन्याला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर 8,000, पदवीधर असाल तर 10,000 रुपये, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. तुमच्यापैकी कुणी केलीही असेल. पैसे कामाचे आहेत, अनुभवही मिळतो. पण मुदत संपली की पुढे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थी आंदोलन करून विचारत होते. कारण ती योजना आहे, कायदा नाही. योजना सरकार देतं, तेव्हा मिळते. कायदा असेल तर आपण मागू शकतो, आणि नाही मिळालं तर जाब विचारू शकतो.

आजीला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने माझी स्लिप हातात घेतली, 200 चा आकडा बघितला आणि म्हणाली, "म्हंजे आता तू फेडतोयस व्हय माझी खडी?"

हो आजी. आनंदाने.

तुमच्या घरात कुणी बहात्तरच्या दुष्काळात कामावर गेलं होतं का? आज रात्री जेवताना विचारा, आणि त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.