सातबाऱ्यावरचा शेतकरी

अंबरनाथ तालुक्यात शेतकरी कोण? बदलापूर स्टेशनबाहेर उभं राहून विचारलंत तर लोक हसतील. पण सरकारला हा प्रश्न सोडवावाच लागतो, कारण पैसे कुणाच्या तरी खात्यात टाकायचे असतात.

शेतकऱ्याला सरकारने पैसा देण्याची चाल तशी जुनी. पेशवाईतल्या कागदांत 'तगाई' हा शब्द भेटतो. ओस पडलेलं गाव पुन्हा लागवडीला आणायचं, बैल-बियाणं घ्यायचं, तर सरकार आगाऊ रक्कम देई. दानधर्म नव्हे हो! जमीन पडीक राहिली तर सारा कुठून यायचा? १८७५ चे सावकारांविरुद्धचे दंगे आणि पाठोपाठचा १८७६-७८ चा दुष्काळ होऊन गेल्यावर इंग्रजांनी हीच चाल कायद्यात बसवली. १८८३ चा कायदा विहिरी-बांधांच्या कर्जासाठी, १८८४ चा बी आणि बैलांसाठी. थकबाकी झाली की वसुली मात्र थकलेल्या साऱ्यासारखीच.

२०१९ च्या पीएम-किसानमध्ये परतफेड नाही. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत, थेट बँकेत. २०२३ पासून राज्याने 'नमो' योजनेतून आणखी सहा हजार जोडले. पण ते मिळतात कुणाला? १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर शेतजमीन होती त्याला. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, काही महिन्यांतच तीही गेली. आयकर भरणारे वगळले, हे बरं झालं.

सातबारा म्हणजे दोन नमुने. सात हक्काचा, बारा पिकाचा. पैसा येतो तो सातवर.

आणि इथे कूळकायदा आठवतो. १ एप्रिल १९५७ ला, कसेल त्याची जमीन म्हणत, कुळांना मालक मानलं गेलं. फार मोठं काम झालं, वादच नाही. पण त्यानंतर कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायला मालक घाबरू लागले. खंडाने, अर्धेलीने जमीन देणं थांबलं नाही, फक्त तोंडी झालं. ज्या कायद्याने एका पिढीला नाव दिलं, त्याच्याच धाकाने पुढच्या कसणाऱ्याचं नाव कागदाबाहेर राहिलं.

भाताचा बोनस घ्या. पूर्वी तो क्विंटलमागे असे, म्हणजे निदान भात केंद्रावर न्यावं तरी लागे. व्यापारी बाहेरचं भात खपवतात अशी ओरड झाली (ती खोटी नव्हती) आणि डिसेंबर २०२२ मध्ये हेक्टरी पंधरा हजार जाहीर झाले, दोन हेक्टरपर्यंत. पुढच्या वर्षी वीस हजार. म्हणजे मोजायचं काय, तर पुन्हा जमीनच.

उल्हासनगरची गोष्टच निराळी. युद्धकाळात लष्करी कॅम्प झाला, मग सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये नाव मिळालं. तिथे शेताचा विषयच संपला. बदलापूर-अंबरनाथच्या आसपास मात्र अजून भात लावलं जातं, आणि चिखलात उतरणाऱ्यांत कातकरी, ठाकर कितीतरी असतात. त्यांच्या वाट्याला आली ती खावटी. २०२० मध्ये मंजूर झालेल्या योजनेत कुटुंबामागे चार हजार. दोन हजार रोख आणि दोन हजारांच्या वस्तू. शेतकरी म्हणून नव्हे, आदिवासी म्हणून. आणि तीही एकदाच.