घसारा आणि चिमुकल्या मोटारी

खेळण्यातली आगगाडी विकत आणली की काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांनी घर बांधलेले नसावे. रूळ आले की फलाट हवा, फलाट आला की फाटक हवे, आणि फाटकापाशी दोन-चार मोटारी खोळंबलेल्या नसतील तर ते फाटक कसले?

ही अडचण लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनाही आली. त्यांचा मात्र कारखाना होता! १९३३ च्या अखेरीस त्यांच्या कंपनीने आपल्या खेळण्यातल्या रेल्वेशेजारी मांडायला सहा वाहनांचा संच काढला. १९३४ साली त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले आणि वऱ्हाडात करवलीनेच भाव खाऊन जावा तसे झाले. रेल्वे बाजूलाच राहिली, पोरे मोटारी मागू लागली.

आमच्या सायखेड्यात गोदावरी आहे, कांदा आहे, बँक आहे. रेल्वे तेवढी नाही. ती मी प्लायवुडवर आणली. आता बँकेतल्या कारकुनाने मोटारी घ्यायच्या म्हणजे सेकंडहँडच.

या खरेदीला जाताना खिशात पट्टी ठेवावी. हॉर्नबींची पहिली रेल्वे मोठ्या मापाची, तिच्याशेजारी डिंकी शोभायची. १९३८ साली त्याच कंपनीने जवळजवळ निम्म्या मापाची रेल्वे काढली आणि जोडा विजोड झाला. माझी रेल्वे १:८७ मापाची. त्या हिशेबाने अँबॅसडर पाच सेंटिमीटरची हवी. जुनी डिंकी नऊ-दहा भरते. ती फाटकाशी लावली की आगगाडीच तिला वाट देत थांबल्यासारखी दिसते.

दुसरे म्हणजे, मोटार उलटी करून पाहावी. महायुद्धापूर्वीच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर वर्षांनंतर तिला तडे जातात आणि भुगा होतो. वरचा रंग काय, लिपस्टिकसारखा कधीही लावता येतो!

अशीच एक जॅग्वार मी पुण्याच्या जुन्या बाजारात उलटी केली, तर पोटावर ‘डिंकी’च्या जागी ‘निकी’! हा छापखान्याचा प्रमाद नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे ‘निकी टॉइज’ तयार होऊ लागल्या. म्हणजे मोटार नवी असतानाच साचा सेकंडहँड! लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला.

त्या ‘निकी’शेजारी खिळ्याने कोरलेला एक वाकडातिकडा ‘बा’ होता. बाळ्या, बापू, बाबू, कोणीही असेल.

“साहेब, घासून नवा रंग मारा, फर्स्टक्लास दिसेल,” विक्रेता म्हणाला.

बी. कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला. वस्तू वापरली की दरवर्षी तिची किंमत कमी करत जायची आणि शेवटी पुस्तकात रुपया ठेवायचा. संग्राहकही तेच मानतो. खोक्यातून न काढलेल्या मोटारीला तो सोन्याचा भाव देतो. पण रेल्वेच्या देखाव्याला लागते ती रस्त्यावर फिरलेली मोटार, आणि ही जॅग्वार कोणाच्या तरी शहाबादी फरशीवर हजारो मैल धावलेली होती. तो ‘बा’ घासला असता तर खरा घसारा तिथे झाला असता.

माप जुळत नव्हते, तरी घेतली. जवळची वस्तू मोठी दिसते, या न्यायाने प्लायवुडच्या अगदी पुढच्या कडेला लावली आहे. रंग मारलेला नाही. कोणी बाळासाहेब पाहायला आले आणि त्यांनी ती उलटी करून पाहिली, तर किंमत न सांगता देऊन टाकायची, असे ठरवून ठेवले आहे.