दिनविशेष : २३ नोव्हेंबर
निजामाचे फर्मान (१९४९)

हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याने या दिवशी फर्मान काढले : भारताची संविधान सभा स्वीकारेल तेच संविधान हैदराबाद संस्थानालाही लागू होईल. तीन दिवसांनी संविधान सभेने ते स्वीकारले. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. सगळा निजामाचा मुलूख.

इथे एका फर्मानावर काम भागले. अमेरिकेत मात्र १३ पैकी ९ राज्यांच्या अधिवेशनांनी मान्यता दिल्यावरच संविधान पक्के झाले. नववे राज्य न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. तिथे राज्ये आधीची, संघ नंतरचा. त्यामुळे आजही राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून त्याची मोडतोड करता येत नाही. आपल्याकडे कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य घडवते. राज्याचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी २०१४ मध्ये तेलंगण झालेच.

जालनेकरांना हे नवे नाही. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. अंबडची वेस कधी न ओलांडलेल्या म्हाताऱ्यानेही तीन राज्ये पाहिली! १ मे १९८१ रोजी जालना वेगळा झाला आणि जिल्हाही बदलला. स्वतंत्र मराठवाड्याची मागणी अजूनही अधूनमधून होते. तिचा अखेरचा निर्णय मुंबईत नव्हे, दिल्लीत होईल.